वजन उतरवायचं आणि उतरलेलं टिकवायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं रोज घरी पोळी-भाजी-वरण-भात शिजतो अशा घरांसाठी आहेत. किन्वा, चिया आणि अॅव्होकॅडोचा उल्लेख एवढाच, यापुढे नाही. ते खाल्ल्याने काही बिघडत नाही, पण त्यांच्यावाचून काही अडतही नाही.

माझं वजन खरंच जास्त आहे का?

किलोतलं वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. उंची १.६० मीटर आणि वजन ६८ किलो असेल तर आकडा येतो २६.६. हा बीएमआय. जगभरात २५ च्या पुढे जादा वजन आणि ३० च्या पुढे स्थूलता मानतात. भारतीयांसाठी मात्र हेच टप्पे २३ आणि २५ असे खाली आणले आहेत, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पुण्याचंच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरातली चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के! तेव्हा नुसत्या काट्यावर जाऊ नका, टेपही घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजा. पुरुषांचा ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांचा ८० सेंटीमीटरच्या पुढे गेला असेल, तर वजन ‘बरोबर’ दिसत असलं तरी लक्ष घालायची वेळ आली आहे.

सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं का?

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर हो, नक्की. जेवण कमी केलं आणि औषध तेवढंच ठेवलं तर साखर एकदम खाली जाते आणि माणूस चक्कर येऊन पडतो. मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, बाळ अंगावर पीत असणं, या स्थितीतही स्वतःच्या मनाने काही करू नका. थायरॉइड एकदा तपासून घ्यावा, पण सगळा दोष त्याच्यावर ढकलू नये. गोळी नीट चालू असलेल्या थायरॉइडने पंधरा-वीस किलो वाढत नाहीत. स्टेरॉइड आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी मात्र वजन खरंच वाढतं. ती औषधं परस्पर बंद करू नका, पर्याय आहे का ते विचारा.

मी दिवसभरात काहीच खात नाही, तरी वजन वाढतंच आहे. असं कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारी बाई बहुतेक वेळा खोटं बोलत नसते. तिच्या हिशेबात जेवण म्हणजे ताट. ताटात दोन पोळ्या, भाजी, थोडा भात, इतकंच असतं. ताटाबाहेरचं ती मोजतच नाही.

मोजून बघू. दिवसाचे चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर: ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० कॅलरी, आणि यात दूध धरलेलंच नाही. चहाबरोबर चार मारी बिस्किटं: शंभराच्या आसपास. दुपारी डबा आवरताना मूठभर चिवडा: दीडशे. मुलाने ताटात टाकलेली अर्धी पोळी, तूप लावलेली, ‘टाकायची कशाला’ म्हणून: पाऊणशे. संध्याकाळी कूट करायला भाजलेले शेंगदाणे सोलता सोलता तोंडात टाकलेले: शंभर-सव्वाशे. बेरीज सहाशेच्या घरात जाते. एक साधं जेवण होईल एवढं हे खाणं, आणि लक्षात राहतं ते शून्य.

म्हणून आधी काहीही बंद करू नका. एक आठवडा फक्त लिहून काढा: तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट, त्याच क्षणी, फ्रिजवर लावलेल्या कागदावर. रात्री आठवून लिहिलं तर शेंगदाणे हमखास निसटतात. या कागदावरून कळतं की तुमची गळती कुठे आहे. कुणाची चहात असते, कुणाची ऑफिसमधल्या वाढदिवसाच्या केकमध्ये, कुणाची रात्री अकरा वाजता मोबाइल बघताना उघडलेल्या फरसाणाच्या डब्यात. दुसऱ्याचा डाएट चार्ट आपल्याला लागू पडत नाही तो यामुळेच.

भात सोडू की पोळी?

दोन्हीही सोडू नका. कोकणातल्या माणसाने भात सोडला तर तो किती दिवस सुटेल?

ज्वारीच्या भाकरीने वजन उतरतं ना?

ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ: १०० ग्रॅम पिठात किंवा दाण्यात साधारण ३२० ते ३६० कॅलरी असतात. फरक अगदी किरकोळ. ज्वारी-बाजरीत तंतू चांगले असतात, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, आणि भाकरीला तेल लागत नाही, हे तिचे खरे गुण. पण एका जाड भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम पीठ लागतं आणि फुलक्याला पंचवीस. ‘मी फक्त दोनच भाकऱ्या खातो’ म्हणणारा माणूस पाच फुलके खात असतो. वर लोण्याचा गोळा असेल तर तो वेगळा.

मग ताटात नेमकं काय आणि किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने (आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची ही संस्था) २०२४ साली भारतीयांसाठी आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात २००० कॅलरींच्या दिवसासाठी दिलेलं प्रमाण असं: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा त्याऐवजी अंडी-मासे-मटण मिळून ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, दाणे-बिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. धान्य-डाळीचे आकडे कच्च्या मालाचे आहेत.

यातला ४०० ग्रॅम भाज्यांचा आकडा पुन्हा वाचा. आपल्या घरात चार माणसांत मिळून पाव किलो भेंडी होते, तीही तेलात परतून निम्मी झालेली. ताटात डावीकडे चमचाभर कोशिंबीर, उजवीकडे डावभर भाजी, आणि मधली सगळी जागा पोळी-भाताची. मराठी ताटाची अडचण पदार्थांत नाही, प्रमाणात आहे. पदार्थ तर उत्तम आहेत: मटकीची उसळ, अळूचं फदफदं, चाकवत, मुळ्याचा चटका, गवारीची भाजी, ताक. फक्त चमच्याने वाढायचं ते वाटीने वाढा आणि वाटीने वाढायचं ते चमच्याने.

वजन उतरवताना जेवणाचं ताट असं बघा: निम्म्या ताटात भाजी आणि कोशिंबीर (बटाटा यात धरत नाहीत), पाव ताटात घट्ट वरण, उसळ, अंडी, मासे किंवा पनीर, आणि उरलेल्या पावात पोळी, भाकरी किंवा भात. जेवायला बसल्यावर आधी कोशिंबीर आणि उसळ संपवा, मग पोळीकडे वळा. तिसरी पोळी मागायची वेळ येईपर्यंत पोट बरंचसं भरलेलं असतं.

प्रथिनांबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण शाकाहारी घरांत खरी कमतरता तिथे आहे. निरोगी माणसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या बाईला रोज ५० ग्रॅम. वजन उतरवताना याहून थोडी जास्तच मिळाली तर बरं, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. आपलं नेहमीचं पातळ वरण, ज्यात वाटीचा तळ दिसतो, त्यात जेमतेम तीन-चार ग्रॅम असतात. घट्ट उसळीच्या वाटीत सात-आठ. एका अंड्यात सहा. १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, बांगड्यात जवळजवळ वीस. तेव्हा पातळ आमटी दोन वाट्या भुरकण्यापेक्षा एक वाटी घट्ट उसळ घ्या. पिठलं मला याच कारणासाठी आवडतं: वीस मिनिटांत होतं, बेसनात प्रथिनं भरपूर असतात, आणि फोडणीचं तेल हाताबाहेर गेलं नाही तर ते वजन उतरवण्याचं पक्वान्न आहे.

स्वयंपाकाला तेल किती वापरावं?

भाजीगणिक मोजत बसू नका, महिन्याचं वाण्याचं बिल काढा. माणशी रोज २७ ग्रॅम धरलं तर चौघांच्या घराला महिन्याला साधारण साडेतीन लिटर तेल-तूप होतं. पाच लिटरचा डबा महिन्याच्या आत संपत असेल तर वजन कुठून येतं हा प्रश्न सुटला. वजन उतरवणाऱ्या घराने अडीच लिटरवर यायला हरकत नाही.

यायचं कसं? कढईत कॅन धरून ‘अंदाजाने’ ओतणं बंद. चहाचा एक चमचा तेल म्हणजे साधारण ४० कॅलरी. चौघांच्या भाजीला तीन चमचे पुरतात, फक्त झाकण ठेवून, झाकणावर पाणी घालून भाजी वाफेवर शिजवायची. आपल्या आज्या पालेभाजी अशीच करत. एक सूचना: तेलाबरोबर शेंगदाण्याचं कूट आणि ओलं खोबरंही बघा. तेल अर्धं केलं आणि कूट दुप्पट टाकलं तर हाती काही लागत नाही. दाणे चांगलेच आहेत, पण १०० ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात.

तेल कुठलं, शेंगदाण्याचं की करडईचं की घाण्याचं, हा वाद आरोग्याच्या दृष्टीने रंजक आहे. वजनाच्या दृष्टीने नाही. सगळ्या तेलांत ग्रॅमला नऊच कॅलरी. तुपाचंही तेच.

साखरेऐवजी गूळ किंवा मध चालेल?

चवीसाठी चालेल, वजनासाठी काही फरक पडत नाही. गुळाचा चहा पिणारे लोक दोन कप जास्त पितात, एवढंच पाहिलं आहे.

सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेतल्याने चरबी वितळते का?

नाही.

दिवसातून दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं?

महाराष्ट्रात या प्रश्नावरून घराघरांत तट पडले आहेत. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं ‘दोनदा जेवा आणि ५५ मिनिटांत संपवा’, मुळात डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेलं. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं, वेळेवर आणि घरचं खाणं. दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं सापडतात, आणि त्यात नवल काही नाही. दोनदा जेवणाऱ्याचा चहा-बिस्किट, चिवडा आणि रात्रीचं फरसाण एका झटक्यात बंद होतं. दर दोन तासांनी खाणारा फळ, दाणे, ताक असं ठरवून खातो, म्हणून संध्याकाळी सहा वाजता भुकेने वेडा होऊन वडापावच्या गाडीकडे पळत नाही. दोघांचंही एकूण खाणं घटतं.

माझं मत विचाराल तर तुमचा दिवस बघून ठरवा. सकाळी सातची लोकल पकडून रात्री नऊला घरी येणाऱ्याला दोन जेवणांत बसवणं सोपं जातं. घरी असणाऱ्या, दिवसभर ओट्यापाशी वावरणाऱ्या बाईला ‘थोडं थोडं’ कधी ‘सतत’ होतं ते कळतही नाही. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी लांब उपाशी राहण्याचे प्रयोग विचारल्याशिवाय करू नयेत.

आठवड्याला दोन उपवास करते, तरी फरक नाही.

एकादशी, दुप्पट खाशी! साबुदाण्याच्या खिचडीची एक भरली बशी घ्या: साठ ग्रॅम कोरडा साबुदाणा, पंचवीस ग्रॅम कूट, दोन चमचे तूप, वर बटाट्याच्या फोडी. साडेचारशे कॅलरी सहज होतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं जी काय ती कुटातली. त्यानंतर दुपारी वरईचा भात, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, संध्याकाळी बटाट्याचे वेफर्स. (साबुदाण्याचा कंद, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, सगळेच मूळचे अमेरिका खंडाकडचे. आपल्या उपवासाच्या ताटाने प्रवास बराच केला आहे.)

उपवास श्रद्धेने करत असाल तर जरूर करा. त्या दिवशी ताक, दही, फळं, राजगिऱ्याची भाकरी आणि काकडीची कोशिंबीर यांवर राहा. खिचडी चार चमचे, तोंडाला चव म्हणून. पण वजन उतरवायला म्हणून उपवास धरत असाल तर तो दुसऱ्या दिवशीच्या जेवणात फिटतो, हे जवळजवळ ठरलेलं.

महिन्याला किती किलो उतरलं तर ठीक?

एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. रोज ५०० कमी खाल्ल्या तर किलोला पंधरा दिवस, म्हणजे महिन्याला दोन किलो. यापेक्षा फार वेगाने उतरलं तर सुरुवातीचा मोठा भाग पाण्याचा असतो. शरीरातल्या साठवणीच्या साखरेबरोबर तिच्या तिप्पट पाणी धरलेलं असतं, ते पहिल्या आठवड्यात निघून जातं. ‘सात दिवसांत चार किलो’ची जाहिरात याच पाण्यावर चालते. सगळ्यांना २३ चा बीएमआय गाठायचीही गरज नाही. ८० किलोच्या माणसाने पाच-सहा किलो उतरवून तेवढेच टिकवले तरी साखर आणि रक्तदाब दोन्ही हलतात. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात वजन सात टक्के उतरवणं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं एवढंच उद्दिष्ट होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं.

मी दरवेळी आठ-दहा किलो उतरवतो आणि दीड-दोन वर्षांत सगळं परत येतं. माझ्यातच काही खोट आहे का?

नाही. याचं श्रेय किंवा दोष निम्म्याहून जास्त शरीराचा आहे. वजन उतरलं की शरीराला ते दुष्काळासारखं वाटतं. उतरलेल्या दर किलोमागे रोजचा खर्च वीस-तीस कॅलरींनी घटतो, आणि भूक मात्र साधारण शंभर कॅलरींनी वाढते. म्हणजे दहा किलो उतरवलेल्या माणसाला आधीपेक्षा कमी अन्न पुरतं, पण भूक लागते आधीपेक्षा जास्त! ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात वजन उतरल्यावर वर्ष लोटलं तरी भुकेची संप्रेरकं चढलेलीच आढळली होती. अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या चौदा जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. उतरवलेल्या सरासरी ५८ किलोंपैकी ४१ परत आले होते.

यातून निघणारी गोष्ट व्यवहाराची आहे. वजन उतरवणं हा तीन-चार महिन्यांचा कार्यक्रम, आणि मग ‘नॉर्मल खाणं’, असा हिशेब मांडला की परतीचं तिकीट काढलंच म्हणून समजा. ज्या नॉर्मल खाण्याने वजन वाढलं होतं तेच ते. म्हणून कुठलाही डाएट सुरू करण्याआधी स्वतःला विचारा: पाच वर्षांनी, मुलाच्या दहावीच्या वर्षी, आई आजारी असताना, मी हे खात असेन का? उत्तर नाही असेल तर त्याची सुरुवातच करू नका. फिका चहा पाच वर्षं पिता येतो. कोबीचं सूप पाच आठवडेसुद्धा नाही.

ज्यांचं वजन टिकतं ते वेगळं काय करतात?

अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची एक नोंदवही चालू झाली. किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्यांनाच तिच्यात प्रवेश. स्वतःहून नाव नोंदवणारी ही मंडळी उत्साही असणार, हे धरूनही त्यांच्या सवयी बघण्यासारख्या आहेत. चारांतले तीन जण आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. बहुतेक जण सकाळची न्याहारी चुकवत नाहीत. नव्वद टक्के रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, आणि त्यात चालणं सगळ्यात जास्त.

व्यायामाने वजन फारसं उतरत नाही, पण उतरलेलं टिकवायला त्याच्यावाचून चालत नाही. अर्धा तास चालून जेवढं जळतं तेवढं एका सामोशात परत मिळतं, हे पक्कं लक्षात ठेवून चाला.

आठवड्याच्या वजनाबद्दल: ठरावीक वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर, काहीही न खाता. रोजच्या आकड्यात किलो-दीड किलो इकडेतिकडे होतंच. आदल्या रात्रीचं लोणचं-पापड, पाळीचे दिवस, बद्धकोष्ठ, कशानेही. स्वतःसाठी एक वरची रेघ ठरवा, उदाहरणार्थ टिकवायच्या वजनावर दोन किलो. काटा सलग दोन आठवडे रेघेवर दिसला की फ्रिजवरचा कागद पुन्हा लावायचा. दोन किलो महिन्यात मिटतात, दहाला वर्ष जातं.

दोन महिने झाले, काटा हलतच नाही.

घेर मोजा. तो उतरत असेल तर काट्याकडे दुर्लक्ष करा. तोही थांबला असेल तर बहुतेक वेळा चमच्यांचे आकार हळूहळू वाढलेले असतात. आठवडाभर पुन्हा लिहा. तरीही काही सापडलं नाही, तर तुमच्या हलक्या झालेल्या शरीराला आता एवढंच लागतं, असं धरा. याच वजनावर दोन महिने स्थिर राहून दाखवणं ही तालीम टिकवण्यासाठी उपयोगीच पडते.

सणवार, लग्नं आणि लोकांचा आग्रह?

दिवाळीचे चार दिवस वजन वाढवत नाहीत. वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत उघडे राहणारे डबे वाढवतात. एक बेसनाचा लाडू दोनशेच्या आसपास आणि चकली शंभराच्या वर. फराळ निम्मा करा, उरलेला भाऊबिजेलाच वाटून टाका, आणि डबे ओट्यावर नाही तर माळ्यावर. पुरणपोळी असेल त्या दिवशी पुरणपोळीच जेवा, तुपाची धार घेऊन, दोन. तिच्याबरोबर पुन्हा मसालेभात, भजी आणि कुरडया कशाला?

आग्रहावर एकच उपाय चालतो: ताट रिकामं दिसू न देणं. ‘नको’ म्हणणाऱ्याला वाढतात, पानात अजून अर्धी पोळी असलेल्याला वाढत नाहीत. मावशी फारच मागे लागल्या तर ‘साखर तपासायचीय उद्या’ हे कारण आजवर कुणी खोडलेलं नाही.

माझ्या एकटीसाठी वेगळा स्वयंपाक कोण करणार?

कुणीच करू नये. वेगळा डबा पंधरा दिवसांत बंद पडतो. कोशिंबीर वाढली, उसळ घट्ट झाली, तेल घटलं, तर ते सगळ्यांनाच लागू आहे. वाढीच्या मुलांच्या पोळीवर वरून तूप घाला, त्यांना डाएटवर ठेवू नका. आणि घरातलं उरलंसुरलं संपवायची जबाबदारी आईचीच, हा अलिखित नियम मोडा. उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात होतो, तो सगळ्यांनी मिळून खावा.

वजन उतरवणारी ती नवी इंजेक्शनं घ्यावीत का?

२०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड भारतात आलं. ती औषधं काम करतात, आणि भरपूर वजन असलेल्या, मधुमेह जडलेल्या माणसाने डॉक्टरांशी त्याबद्दल बोलण्यात संकोच करू नये. मात्र ती चिठ्ठीवरचीच औषधं आहेत. जिममधल्या ओळखीने घ्यायची नाहीत. ती भूक कमी करतात, त्यामुळे बंद केली की भूक परत येते. सेमाग्लुटाइडच्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. इंजेक्शन चालू असताना खाणं इतकं घटतं की आधी उपाशी राहतात ते स्नायू, म्हणून त्या काळात अंडी, उसळ, दही, पनीर हे ताटात आधी, आणि पोळी शेवटी जागा उरली तर.